अर्धा इंच माया

माणूस सकाळी उठतो तेव्हा सर्वांत उंच असतो. दिवसभर उभं राहून, बसून, धावून मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात, त्यांतलं पाणी थोडं थोडं बाहेर पडतं आणि संध्याकाळपर्यंत उंची साधारण एक ते सव्वा सेंटिमीटरने उतरते. आडवं झालं की चकत्या पुन्हा पाणी ओढून घेतात. यात गूढ असं काही नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात सव्वीस वर्षं दर जूनमध्ये नव्या मुलामुलींना मी हे फळ्यावर आकृती काढून सांगत आले.

माझं काम मोजण्याचं. उंची, वजन, हातांचा पसारा, उभी उडी, धावताना नाडी किती चढते आणि किती वेळात उतरते. माझी खोली बास्केटबॉलच्या मैदानाला लागून होती. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे चेंडूचे ठोके दिवसभर ऐकू यायचे. त्या भिंतीवर उंचीमापक बसवलेला होता. दर सोमवारी मी तो एका धातूच्या कांडीने तपासत असे. कांडीची लांबी ठरलेली, तिच्यात आणि आकड्यात एका मिलिमीटरचाही फरक पडला तर दिवसाचं काम थांबवून आधी स्क्रू पिळायचे. मुलं माझ्या मागे मला ‘पट्टी’ म्हणत. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी रागावल्यासारखं केलं, पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांना सगळे ‘सर’ म्हणत. दरवर्षी आठ मुलींना शिष्यवृत्ती मिळे. चार वर्षांची फी, वसतिगृह, दोन वेळचं जेवण आणि सरांच्या हाताखाली रोजचा सराव. आठपैकी तीन जागा उंच खेळाडूंच्या. त्यांच्यासाठी रेषा आखलेली होती, एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. चाचणीच्या दिवशी सर मुलींसमोर उभे राहून दरवर्षी तेच सांगत, “चेंडू कसा धरायचा ते मी शिकवीन, कसा सोडायचा तेही शिकवीन. उंची तेवढी घरून आणा.” मुली हसत. रेषेच्या आसपासच्या मुली हसत नसत.

सकाळच्या उंचीचा मुद्दा मीच समितीपुढे आणला होता. दिवसभर चाचण्या चालतात, कुणी सकाळी नऊला मोजली जाते, कुणी दुपारी चारला; दोघींना एकच रेषा लावणं चूक आहे, असं मी आकडे मांडून दाखवलं. त्यातून नियम झाला. दुपारी मोजलेली जी मुलगी रेषेपेक्षा एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरेल तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत पुन्हा मोजायचं आणि तो आकडा धरायचा. वाक्य माझं, स्वल्पविरामासकट. पुन्हा बोलवायच्या मुलींची यादीही मीच करायची.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती आमच्या आईचं शिवणाचं दुकान चालवते, विद्यापीठापासून बसने पाच तासांवर. दोघीही मापं घेण्यावर पोट भरतो, असं ती गमतीने म्हणायची, फक्त तुझ्या टेपला पदवी आहे. आईने आम्हा दोघींना एकाच टेबलाशी शिकवलं होतं. ती म्हणायची, माप अंगाबरोबर घ्यायचं, पण कापताना रेषेच्या बाहेर अर्धा इंच माया ठेवायची. शिवणीच्या आत दुमडून राहणाऱ्या त्या जादा कापडाला आमच्या भाषेत माया म्हणतात. माणूस जाडावतं, कापड आटतं, मापणाऱ्याचा हात चुकतो. माया असली की उसवून सावरता येतं. मला लहानपणी ते पटायचं नाही. माप बरोबर घेतलं असेल तर जादा कापड कशाला, असं मी विचारायची. आई म्हणायची, “हिला शाळेत घाला.” मला शाळेत घातलं, ताई टेबलाशी राहिली.

ताईची एकुलती एक मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. एवढीशी होती की ताईने तिचे पहिले कपडे उरलेल्या चिंध्यांतून शिवले. घरात तिचं नाव पडलं ‘ठेंगू’. बाराव्या वर्षापर्यंत नाव शोभलं. मग ती वाढायला लागली ती थांबेचना. दर तीन महिन्यांनी ताई तिच्या पायजम्याच्या दुमडी उसवायची आणि म्हणायची, “जरा दम खा बाई, कापडवाल्याला माझी दया यायला लागलीय.” सोळाव्या वर्षी दुकानातल्या वरच्या दांडीवरचे कपडे ठेंगू काठी न घेता हाताने काढायची. नाव मात्र तेच राहिलं. शाळेच्या मैदानात तिच्यापेक्षा वीतभर खुज्या मुली “ठेंगू, इकडे दे” म्हणून चेंडू मागायच्या आणि बघणारे चक्रावून जायचे.

ती चांगली खेळायची. मी मावशी म्हणून सांगत नाही. चेंडू बास्केटच्या कडेला लागून कुठे उडेल हे तिला तो लागायच्या आधी कळायचं. धावायच्या आधी ती जागेवर असायची. हे मोजायला माझ्याकडे कोणतंही यंत्र नव्हतं.

ताईचे यजमान ठेंगू नऊ वर्षांची असताना गेले. विद्यापीठाचा खर्च ताईला झेपणारा नव्हता, हे तिघींना माहीत होतं आणि तिघींपैकी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली तर चार वर्षं शिक्षण आणि खेळ. नाही मिळाली तर दुकान. अर्ज अठराव्या वर्षीच करता यायचा, एकदाच.

चाचणीच्या दिवशी तिची बस रस्त्यात बिघडली. दहाला यायची ती दीडला आली. आल्या आल्या तिला धावायला लावलं, मग उड्या, मग पूर्ण मैदानाचा खेळ. माझ्या खोलीत ती पोचली तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. आत माझा मदतनीस होता, समितीच्या अध्यक्षबाई होत्या, दारात आणखी चार मुली. आदल्या वर्षी हॉकीच्या निवडीत कुणाचा तरी पुतण्या घुसल्यावरून मोठा गहजब झाला होता आणि अध्यक्षबाई तेव्हापासून दर बैठकीत म्हणायच्या, इथे कुणाच्या घरचं दुकान नाही. ठेंगू माझी भाची आहे हे मी त्यांना पत्राने आधीच कळवलं होतं. पत्र दिलं म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. खरं तर मी मापाचं काम त्या दिवसापुरतं मदतनिसाकडे द्यायला हवं होतं. त्याला ते येत होतं. मी दिलं नाही, कारण माझ्याइतकं बरोबर माप दुसरं कुणी घेईल यावर माझा विश्वास नव्हता.

ठेंगू अनवाणी उभी राहिली. टाचा भिंतीला, नजर सरळ. तिने मला मावशी म्हटलं नाही, मीही तिला नावाने हाक मारली नाही. डोक्यावरची आडवी पट्टी मी खाली सरकवली. एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक चार. पुन्हा मोजलं, तेच. मी आकडा मोठ्याने वाचला, मदतनिसाने लिहिला, शेजारच्या रकान्यात वेळ लिहिली, चार चाळीस.

त्या दिवशी रेषेच्या एक सेंटिमीटर आत तिघी होत्या. लांब वेणीची एक मुलगी एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक तीन. दुसरी, जिच्या गुडघ्याला पट्टा होता, एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक आठ. आणि ठेंगू. यादीत मी दोन नावं लिहिली.

सर अर्ज चाळत होते. ते म्हणाले, “पट्टी मॅडम, हिला नाही बोलवायचं सकाळी?” तोंडावर पट्टी म्हणणारे ते एकटेच.

“नको,” मी म्हटलं. “माझी भाची आहे.”

“म्हणजे नियम भाच्यांना लागू नाही होय?”

मी म्हटलं की पुन्हा मोजून ती रेषेवर गेली तर लोक काय म्हणतील हे तुम्हाला कळतं. सरांना ती हवी होती, हे दिसत होतं. पण मापाच्या बाबतीत त्यांनी माझा शब्द कधी मोडला नव्हता, कारण माझा शब्द कधी चुकला नव्हता. “तुम्ही म्हणाल ते,” ते म्हणाले आणि अर्ज गठ्ठ्यात ठेवला. अध्यक्षबाईंनी नियमाबद्दल काही विचारलं नाही. त्या फक्त म्हणाल्या की अशी माणसं विरळा. मला तेव्हा, लपवत नाही, छातीत काहीतरी रुंद झाल्यासारखं वाटलं.

ठेंगू माझ्याकडेच उतरली होती. संध्याकाळी तिने पायांना तेल लावलं, दोन वेळा वाढून घेऊन जेवली आणि नऊच्या आत झोपली. सकाळी साडेसहाला मी चहा करत होते तेव्हा ती स्वयंपाकघराच्या बुटक्या दारात येऊन उभी राहिली. दाराची वरची चौकट तिच्या केसांना टेकत होती.

“मावशी, त्या वेणीवालीला आज आठला परत मोजायला बोलावलंय.”

मी हो म्हटलं.

“काल ती तीन होती. मी चार.”

माझ्या घरापासून ती खोली दहा मिनिटांच्या अंतरावर होती. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवलेली होती. नऊ तास आडवी झोपून उठलेली ती मुलगी त्या क्षणी किती उंच होती हे जगात मला सर्वांत नेमकं सांगता आलं असतं. आणि तिने काही मागितलं नव्हतं, फक्त दोन आकडे सांगितले होते.

“त्यांचं वेगळं आहे,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “बरं.” मग खाली बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागली.

वेणीची मुलगी सकाळी एकशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पाच भरली. गुडघ्याला पट्टा असलेली आधीच काठावर होती, तीही बसली. तिसऱ्या जागेवर सकाळी नऊला मोजलेली एक मुलगी आली, जी, सरांच्या शब्दांत, चेंडू आला की आधी डोळे मिटायची. यादी लागली तेव्हा ठेंगूने ती दोनदा वाचली, मला नमस्कार केला आणि दुपारच्या बसने घरी गेली. वेणीची मुलगी पुढे उत्तम खेळली. आता ती कुठेशी प्रशिक्षक आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या वाट्याला नियम आला, एवढंच.

ताईला मी फोन केला. सहा मिलिमीटर कमी पडली, असं सांगितलं. पलीकडून बराच वेळ मशीन चालल्याचा आवाज आला, मग थांबला. ताई म्हणाली, सहा म्हणजे पाव इंच ना गं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मी तर कापडाला अर्धा इंच माया ठेवते.” मग लगेच स्वतःच म्हणाली की जाऊ दे, तुमच्या कामात तसं चालत नसेल, तू काय करणार. सकाळच्या मापाचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. उलट त्यानंतर ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की माझी बहीण एवढी सरळ, की सख्ख्या भाचीलाही सूट दिली नाही. गिऱ्हाईकं मान डोलवायची. ठेंगू तिथेच बसून काजं करत असायची.

याला अकरा वर्षं झाली.

या मार्चमध्ये मी निवृत्त व्हायची होते. खोलीतले जुने कागद नष्ट करायला द्यायचे होते आणि ते पाहिल्याशिवाय देणं माझ्या स्वभावात नाही. त्या वर्षीच्या गठ्ठ्यात तीन अर्ज लागोपाठ निघाले. दोहोंना सकाळच्या मापाची पिवळी चिठ्ठी टाचलेली. तिसऱ्याला नुसतीच टाचणी होती. म्हणजे कुणीतरी, बहुधा माझ्या मदतनिसाने, चिठ्ठी येणार असं धरून टाचणी आधीच टोचून ठेवली होती. अकरा वर्षांत तिने कागदावर गंजाचा गोल डाग पाडला होता. मी तो अर्ज गठ्ठ्यात परत ठेवला नाही.

निरोपसमारंभासाठी चांगला कोट शिव, असं ताई केव्हापासून म्हणत होती. मी तेच निमित्त केलं. दुकानात पोचले तेव्हा ताई बटणं आणायला गेली होती. कापायच्या टेबलाशी ठेंगू होती, गळ्यात टेप, कानाच्या मागे खडू. एकोणतीस वर्षांची. टेबलाच्या पायांखाली तिने विटा लावून घेतल्या आहेत, नाहीतर तिला कंबरेत वाकून कापावं लागतं. तिने हातातलं शिवून झालेलं कापड वरच्या दांडीवर टाकलं, नुसता हात वर करून, न बघता. ती हालचाल मी ओळखली. मैदानात तेच केलं की लोक टाळ्या वाजवतात.

ती मला उभी करून मापं घ्यायला लागली आणि आकडे स्वतःशी पुटपुटत वहीत लिहू लागली. खांदा झाला, पाठ झाली. मी पर्समधून अर्ज काढून टेबलावर ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. कोणता नियम, कुणी केलेला, यादी कुणी केली, किल्ली कुठे होती. मी बोलण्याची तयारी करून आले होते, तरी वाक्यं फळ्यावर शिकवल्यासारखीच निघाली.

ठेंगूने अर्ज उचलला नाही. वरूनच वाचला.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“तेव्हापासूनच. त्यांचं वेगळं आहे म्हणालीस, तेव्हा तू चहा कपाच्या बाहेर गाळलास. तू कधी थेंब सांडत नाहीस.”

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. जे मी बोलायचं होतं त्याचा जाब मी तिलाच विचारत होते.

ती टेप बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली की आईला सांगितलं असतं तर आईची बहीण गेली असती. शिष्यवृत्ती तशीही गेलीच होती, मग दोन्ही कशाला घालवा. “खेळाचं म्हणशील तर दोनेक वर्षं चेंडूचा आवाज आला की मी रस्ता बदलायची. ते गेलं हळूहळू. एक मात्र गेलं नाही.” तिने टेप बोटावरून सोडवला. “त्या वेणीवालीचा मला हेवा वाटायचा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून नाही. ती तुझी कुणी नव्हती म्हणून.”

सव्वीस वर्षं मी कुणाचीही नाही असं वागणं म्हणजे न्याय, असं धरून चालले होते. मी बाजूला व्हायला हवं होतं. मी तिला बाजूला केलं आणि त्यालाच बाजूला होणं समजले.

बाहेर ताईचा आवाज आला, ती कुणाशी तरी बोलत येत होती. ठेंगूने अर्जाची घडी केली आणि माझ्या पर्समध्ये परत ठेवून तिची चेन लावली. “तिला नको सांगूस. तुझं ओझं हलकं होईल, तिचं वाढेल. तिला ती गोष्ट सांगायला आवडते.”

ताई आत आली ती बोलतच. गिऱ्हाईकही बरोबर होतं, एक म्हातारे गृहस्थ. ताईने त्यांना माझी ओळख करून दिली, विद्यापीठात असते, आता निवृत्त होतेय. आणि तीच गोष्ट सांगायला घेतली, सख्ख्या भाचीलाही. त्यांनी मान डोलवली. मी खाली पाहिलं. माझं हे काम आता आयुष्यभराचं आहे, हे मला तेव्हा कळलं. ती गोष्ट ऐकत उभं राहणं.

“हात वर कर, मावशी,” ठेंगू म्हणाली. तिने छातीचं माप घेतलं, मग मागे जाऊन मानेपासून खाली टेप सोडला. “कोटाची लांबी सकाळी घ्यायला हवी होती. आत्ता दुपार आहे, कमी भरेल.”

ताई हसली. हा काय नवीन विनोद, म्हणाली. ठेंगू हसली नाही. तिने कापड टेबलावर पसरलं, माझ्या मापाची रेषा आखली, सरळ, एका झटक्यात. मग खडू हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

“माया किती ठेवू?”

ताई मधेच म्हणाली, अगं तिला काय विचारतेस, नेहमीची ठेव. ठेंगू थांबून राहिली, मी उत्तर देईपर्यंत तिने खडू कापडाला टेकवला नाही.

“तू ठरव,” मी म्हटलं.

तिने रेषेकडे पाहिलं, मग रेषेच्या बाहेर, बोटाने मोजून, अर्ध्या इंचावर दुसरी ओढली आणि कात्री मागायला आईपुढे हात केला.